नव्या भागविक्रीविषयीचे काही रूढ समज

१९२९ साली विलेपार्ल्यात स्थापन झालेल्या पार्ले प्रॉडक्ट्सचा येथील जुना कारखाना २०१६ साली बंद झाला. परंतु त्या नावाचा लौकिक इतका दृढ आहे की जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात पार्ले-जी बिस्किटांचा खप विक्रमी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध होताच, बिस्किटांशी काडीचाही संबंध नसलेल्या ‘पार्ले इंडस्ट्रीज’ नामक निराळ्याच कंपनीच्या भागांवर ग्राहकांची झुंबड उडाली आणि त्यांचा भाव चढत गेला. वास्तविक बिस्किटांची कंपनी खाजगी मालकीची असून तिचे भाग बाजारात विकत मिळतच नाहीत. नावाच्या ओळखीलाच कंपनीची ओळख मानण्याची ही वृत्ती, घरोघरच्या दूरचित्रवाणी संचावर चित्रपट आणि मालिका आणून देणाऱ्या नव्या कंपन्यांच्या बाबतीत तर अधिकच बळावलेली दिसते, आणि म्हणून या विषयातील वस्तुस्थिती स्वच्छपणे मांडणे अगत्याचे वाटते.

दूरचित्रवाणीला जोडून चित्रपट-मालिका दाखवणारे यंत्र विकणारी कंपनी यंत्राच्या किमतीवरच पोसली जात असणार, हा सर्वसाधारण समज. अमेरिकेतील ‘रोकू’ कंपनीचे उदाहरण त्याच्या नेमके उलट आहे. नेटफ्लिक्सच्या आश्रयाने आकारास आलेले तिचे पहिले यंत्र २००८ साली विक्रीस आले, आणि २८ सप्टेंबर २०१७ रोजी तिच्या भागांचे व्यवहार न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात सुरू झाले, तेव्हाही तिचा हिशेब तोट्याचाच होता. यंत्र स्वस्तात घरात पोहोचवावे आणि पुढे जाहिराती व वर्गणीतील वाटा यांतून उत्पन्न मिळवावे, हे तिचे धोरण. त्यानुसार २०१८ साली या दुसऱ्या मार्गाचे उत्पन्न यंत्रविक्रीच्या उत्पन्नाहून प्रथमच अधिक झाले. खपलेल्या यंत्रांची संख्या पाहून अशा कंपनीचे मोल ठरवू पाहणारा मनुष्य तिच्या जमाखर्चाचे चुकीचेच पान वाचत असतो.

दुसरा समज असा की, भागविक्रीतून जमा होणारी सगळी रक्कम कंपनीच्या तिजोरीत जाते. नव्याने निर्माण केलेल्या भागांचा पैसाच तेवढा कंपनीस मिळतो. जुने भागधारक आपल्या हिश्श्याचे भाग विकतात तेव्हा तो पैसा त्यांच्या पदरी पडतो आणि व्यवसायात एक छदामही येत नाही. रोकूच्या विक्रीत हे दोन्ही प्रकार होते. उलट आपल्या शेजारच्या अंधेरीत, मरोळला मुख्य कचेरी असलेल्या ‘शेमारू एंटरटेनमेंट’ने सप्टेंबर २०१४ मध्ये प्रत्येक भाग १७० रुपयांस देऊन जे १२० कोटी रुपये उभारले, ते सर्व नव्या भागांचे होते आणि मुख्यत्वे खेळत्या भांडवलासाठी होते. १९६२ साली पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयापासून आरंभ करून, पुढे चित्रफितींच्या आणि चित्रपटांच्या हक्कांच्या व्यापारात शिरलेल्या या संस्थेने २०१९ साली स्वतःची प्रसारणसेवाही काढली.

तथापि सर्वांत खोल रुजलेला समज, भागबाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ नव्या भागविक्रीची हमी देते, हा आहे, आणि त्याचे मूळ इतिहासात असल्यामुळे त्याकडे अधिक आस्थेने पाहिले पाहिजे. १९४७ च्या भांडवलनियंत्रण कायद्याखाली केंद्रीय अर्थखात्यातील नियंत्रकाच्या मंजुरीवाचून कंपन्यांना भांडवल उभारता येत नसे, आणि भागावर किती अधिमूल्य घ्यावे हेही त्याच दफ्तरात ठरे. तो दर बहुधा इतका संयमित असे की, १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे ज्या विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा भारतीयांस विकणे भाग पडले, त्यांचे भाग अर्ज करून मिळवणाऱ्या अनेक पगारदार कुटुंबांना कालांतराने मोठा लाभ झाला. ‘नवा इश्यू म्हणजे हमखास नफा आणि त्यावर सरकारची मोहोर’ ही आपल्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा त्या अनुभवातून आली. ती त्या काळी निराधार नव्हती. परंतु १९९२ साली तो कायदा रद्द झाला, किंमत ठरवण्याचा अधिकार कंपनी व तिचे सल्लागार यांच्याकडे गेला, आणि सेबीचे काम आवश्यक माहिती उघड झाली आहे किंवा नाही हे पाहण्याचे राहिले. प्रत्येक माहितीपत्रकातच नमूद असते की, कंपनीच्या आर्थिक सुदृढतेची जबाबदारी सेबी घेत नाही. आपल्या घरांतून हा एकच परिच्छेद मोठ्याने वाचला गेला, तर पुष्कळ हानी टळेल असे मला मनापासून वाटते.

अर्जाविषयीचे गैरसमज त्या मानाने किरकोळ आहेत. दोन लाख रुपयांपर्यंतच्या किरकोळ गटात मागणी फारच वाढली, तर सोडतीत निवडल्या गेलेल्या अर्जदारास एकच लॉट, म्हणजे भागांचा ठरलेला किमान गठ्ठा, मिळतो, म्हणून अधिक लॉट मागितल्याने संधी वाढत नाही. आणि एकाच पॅन क्रमांकावर अनेक अर्ज केल्यास ते बाद होतात. भाग मिळेपर्यंत रक्कम आपल्याच बँकखात्यात अडकवलेली राहते.

पहिल्या दिवशीचा भाव हा कंपनीच्या योग्यतेचा पुरावा, असे मानणाऱ्यांनी रोकूचा पुढचा प्रवास पाहावा. १४ डॉलरांस दिलेला भाग त्याच सायंकाळी २३.५० डॉलरांवर बंद झाला, जुलै २०२१ मध्ये तो पावणेपाचशेच्या आसपास गेला, आणि २०२२ च्या अखेरीस पन्नासच्या खाली होता.

शेजाऱ्यांनी अर्ज केला, किंवा अनधिकृत बाजारात चढा भाव बोलला जात आहे, एवढ्यावर निवृत्तीची पुंजी गुंतवू नये; माहितीपत्रकातील ‘इश्यूची उद्दिष्टे’ हे प्रकरण आधी वाचावे, पैसा कंपनीकडे जाणार की विकणाऱ्यांकडे हे तेथे पाहावे, आणि मगच अर्जावर सही करावी.