धोटा आणि एकजूट

निरनिराळ्या जातीधर्मांची, प्रांतांची माणसे एका कामावर आली की खटके उडतात. मग वरिष्ठ मंडळी बैठक घेऊन ‘समजुतीने घ्या’ असा उपदेश करतात. माझे विद्यार्थी पदवी घेऊन अशा ठिकाणी जातात. त्यांतले बरेच जण माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर. समजूत नेमकी कोणी घालायची आणि कशाची, हे कळावे म्हणून एक जुने उदाहरण मांडतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार पुष्कळ होते. पण मजुरी जास्त असलेल्या विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपण तोंड लावणार नाही, ही सवर्ण कामगारांची भूमिका. ही बंदी कायद्याची नव्हती, सोबत्यांनीच घातलेली होती.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. अस्पृश्यांचा विणकाम खात्यातला हक्क संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मान्य केला. मालकांचे उत्तर ठरलेले होते: हा अन्याय असेल, पण तो आमचा नव्हे.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, शांतता म्हणजे न्याय नव्हे. विणकाम खात्यात जातीवरून भांडण नव्हते, कारण एक पक्ष दाराबाहेरच होता. तेव्हा भांडण कोणी काढले यापेक्षा, भांडणाआधी कोण कुठे उभा होता, हे आधी विचारावे.

दुसरी, जबाबदारी टोलवली जाते. मालक कामगारांकडे बोट दाखवतो, कामगार रूढीकडे. परंतु भरती आणि मजुरी ज्याच्या हातात, त्याला रूढीच्या आड लपता येत नाही. म्हणून तक्रार तोंडी न ठेवता लेखी मागणी करावी. बाबासाहेबांच्या आग्रहाने ती मागणीपत्रात आली, आणि मालक व पुढारी दोघांनाही तिच्यावर बोलावे लागले.

तिसरी, कामाची पद्धत बदलता येते. तोंडाने धागा ओढण्याच्या धोट्यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने आरोग्यासाठी १९११ सालीच बंदी घातली होती. म्हणजे यंत्राची सक्ती हा बहाणा होता. मात्र नुसते यंत्र बदलून भागत नाही. गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी असत. तिथे तर धोटा नव्हता. आधी हक्क, मग हत्यार, हाच क्रम बरोबर.

आज त्या गिरण्या राहिल्या नाहीत. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ आणि १९८९ चे कायदे आहेत. तरी आडनाव विचारले जाते, डबा खाताना घोळके पडतात, बढतीचे काम ठरावीक मंडळींना मिळते. अशा ठिकाणी कोणी बोलला की ‘वातावरण बिघडवतो’ असा शिक्का बसतो.

म्हणून समेटाच्या बैठकीला जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: चांगले काम कोणाला मिळते, ते कोण वाटतो, बाहेर कोण राहिला, आणि नियम कधी बदलणार? यांची उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. त्यानंतरच हात मिळवावेत.