तुमच्या गाठीचा स्कोअर किती?

कॅन्सर म्हटलं की केमो आणि केमो म्हटलं की गळणारे केस. हिंदी सिनेमांनी आपल्याला एवढंच शिकवलंय. पण ब्रेस्ट कॅन्सरची प्रत्येक गाठ एकाच स्वभावाची नसते. काही निवांत, काही एकदम आक्रमक. मग हा स्वभाव ओळखायचा कसा? गाठीतली कोणती जीन्स किती कामाला लागलीत, ते मोजून!

'ऑन्कोटाइप डीएक्स' ही टेस्ट नेमकं हेच करते. काढलेल्या गाठीच्या, मेणात जपलेल्या तुकड्यातून २१ जीन्सचा आरएनए मोजतात. त्यातली ५ फक्त तुलनेसाठी. उरलेल्या १६ मध्ये काही चक्क एन्झाइम्सची जीन्स आहेत. एन्झाइम म्हणजे पचन, एवढंच आपल्याला शाळेतलं आठवतं. पण स्ट्रोमेलायसिन-३ हा एन्झाइम आजूबाजूच्या पेशीजालाची तोडफोड करायला मदत करतो. म्हणजे कॅन्सरला पसरायला रस्ता मोकळा! ऑरोरा कायनेज हा दुसरा एन्झाइम पेशींच्या विभाजनाच्या कामातला. या सगळ्यांचा मिळून ० ते १०० मध्ये स्कोअर येतो. फंडा बोर्डाच्या परीक्षेच्या उलटा : मार्क जितके कमी, तितकं चांगलं.

२००४ मध्ये ६६८ पेशंट्सच्या जुन्या नमुन्यांवर हे तपासलं गेलं. सगळ्या जणी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या. कमी स्कोअरच्या गटात १० वर्षांत कॅन्सर दूरवर पसरण्याचं प्रमाण होतं ६.८ टक्के, जास्त स्कोअरच्या गटात ३०.५ टक्के. मग २०१८ मध्ये 'टेलरएक्स' ट्रायलचा निकाल आला. ११ ते २५ स्कोअर असलेल्या बहुतेक जणींना हार्मोनच्या गोळ्यांवर केमो जोडून जास्तीचा फायदा झाला नाही.

पण थांबा. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ स्कोअरवाल्या बायकांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. माझी मैत्रीण ३८ वर्षांची, स्कोअर १९. 'म्हणजे मी काठावर पास का गं?' तिने मला विचारलं. डॉक्टरांशी दोनदा सविस्तर बोलून तिने केमो घ्यायचं ठरवलं. निर्णय तिचाच होता, पण घाबरून घेतलेला नव्हता.

ही टेस्ट सरसकट सगळ्यांसाठी नाही. मुख्यतः हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि सुरुवातीच्या स्टेजच्या कॅन्सरसाठीच. शिवाय महागडी. पण घरात कुणावर ही वेळ आलीच, तर केमोची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : 'आमच्या केसमध्ये या टेस्टचा उपयोग आहे का?'