येतंय असं वाटणं आणि खरंच येणं

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. वय १९. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म गाठीशी नसताना ती या विजयाने थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

अशा यशानंतर घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘तिचं डोकंच वेगळं!’ आणि वेगळं डोकं म्हणजे अफाट स्मरणशक्ती, हे गृहीतच असतं.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हीच समजूत तपासून पाहिली. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर मास्टर खेळाडू दोन डझन सोंगट्यांपैकी सोळाएक बरोबर मांडायचा आणि नवशिक्या जेमतेम चार. मग सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या. मास्टरची आघाडी जवळपास संपली! म्हणजे जे लक्षात राहत होतं ते वर्षानुवर्षं खेळून, चुका उकलून ओळखीच्या झालेल्या रचनांमुळे.

या चुका उकलण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. क्लासिकल डावात खेळाडूला प्रत्येक चाल कागदावर लिहावीच लागते. डाव संपला की त्या कागदावरून तो पुन्हा मांडला जातो. इथे घोडा का हलवला? तेव्हा काय दिसत होतं, काय नजरेतून सुटलं? संगणकाचं उत्तर पाहण्याआधी आपण काय विचार केला होता ते आठवायचं. आपल्याच विचारावर अशी नजर ठेवण्याला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. ही जन्मजात देणगी नाही, सवयीने येणारी गोष्ट आहे.

नीट, जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना या सवयीची सर्वांत जास्त गरज असते. पण नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये काय, पुण्यात काय, धडा चार वेळा वाचला आणि पानं मार्करने पिवळी केली की अभ्यास झाल्यासारखा वाटतो. हा गैरसमज सर्वांत चिवट, कारण तो सुखद असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांविरुद्ध ७१. आठवड्याने त्यांना ४० टक्केच आठवलं, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला नीट लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

टेस्ट सिरीजमध्ये चुकलेल्या प्रश्नापुढे ‘सिली मिस्टेक’ लिहून पान उलटणाऱ्याचं असंच होतं. सूत्र आठवलं नाही, प्रश्न अर्धवट वाचला की एककं बदलायची राहिली, हे लिहिलं नाही तर तीच चूक पुढच्या पेपरात पुन्हा होते.

‘भावना बाजूला ठेव, डोकं वापर’ हा सल्लाही तपासायला हवा. मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासियो यांनी एलियट या नावाने नोंदवलेल्या रुग्णाची मेंदूतली गाठ काढताना कपाळामागचा भाग निकामी झाला. बुद्धिमत्ता चाचणीत तो उत्तम गुण मिळवायचा, पण भावना बोथट झाल्या होत्या. कागदपत्रं कोणत्या क्रमाने लावावीत, एवढं ठरवण्यात त्याची दुपार जायची. काय महत्त्वाचं, हे सांगणारी भावनाच उरली नव्हती. भीती हाताबाहेर गेली की मात्र नुकसान होतं: अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांना २००१ मध्ये दिसलं, की गणिताच्या धास्तीने आकडे मनात धरून ठेवायची जागाच कमी पडते. तेव्हा घाबरलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा वेळ लावून सराव पेपर देणं जास्त उपयोगी. बाटुमीत जिंकल्यावर दिव्या आईला मिठी मारून रडली, तेही कमकुवतपणाचं लक्षण नव्हे.

राहिला या सगळ्या सरावाला लागणारा संयम. तो फक्त मुलाच्या स्वभावात असतो, असं पालक धरून चालतात. सेलेस्ट किड यांच्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या २०१३ च्या प्रयोगात मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला, तेव्हा मुलं समोरची मिठाई न खाता सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडला, तेव्हा तीन.