वाटणी तबकडीची

वाटणी म्हटली की आपल्याला आठवतात ते भाऊबंद, कोर्टकचेऱ्या आणि अंगणात मधोमध उठलेली भिंत. पण मी जिची हकिगत सांगणार आहे त्या वाटणीने भांडणे लागत नाहीत, टळतात. ही वाटणी संगणकाच्या तबकडीची. युनिक्स प्रणालीवर चालणारी यंत्रे सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. डेनिस रिची व केन थॉम्पसन या तिच्या जनकांनी १९७४ साली आपल्या यंत्राचे वर्णन छापले. त्याची मेमरी होती अवघी १४४ किलोबाइट! आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा तीत मावायचा नाही. मग त्यावर एका वेळी अनेकजण काम करीत ते कसे? तर मेमरीत जागा उरली नाही की एखाद्याचे चालते काम उचलून तबकडीवर ठेवायचे आणि पाळी आली की परत आणायचे. पुरणाचे पातेले ठेवायला ओट्यावर जागा हवी म्हणून चिरलेल्या भाजीची परात घटकाभर फळीवर सरकवावी, तसेच हे. तबकडीवरच्या या फळीचे नाव स्वॅप.

आता ही फळी ठोकायची कुठे? कोणतीही गृहिणी सांगेल, हाताशी! तबकडी ग्रामोफोनसारखी फिरते आणि वाचणारा हात तिच्यावर आतबाहेर सरकतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग लागतो, आणि हात सरकायलाही साधारण तेवढाच. आपल्याला हे काहीच नाही. पण मेमरीच्या मानाने तो काळ म्हणजे एक युग. बेल प्रयोगशाळेतल्या मंडळींकडे सरकत्या हाताच्या तबकड्या होत्याच, पण स्वॅप त्यांनी ठेवला तो १ मेगाबाइटच्या निराळ्या तबकडीवर. तिच्या प्रत्येक वर्तुळावर स्वतंत्र वाचक बसवलेला असे. सरकणेच नाही!

पुढे तशा तबकड्या इतिहासजमा झाल्या आणि वाद सुरू झाले. कोणी म्हणे, स्वॅप बाहेरच्या कडेला ठेवा, तिथे एका फेऱ्यात जास्त मजकूर वाचून होतो. कोणी म्हणे, मध्यावर ठेवा, हात तिथून सारखा जातच असतो. माझे मत विचाराल तर, दुसरी तबकडी असेल आणि तिच्यावर वर्दळ कमी असेल, तर सरळ तिथे ठेवावा. बर्कलेच्या युनिक्समध्ये या खणांना अक्षरे असत : 'ए' म्हणजे मूळ खण, 'बी' म्हणजे स्वॅप आणि 'सी' म्हणजे अख्खी तबकडी, सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असावे तशी!

भिंतींचे महत्त्व मला कळले ते एका कचेरीत. तिथे पूर्वीच्या कोणी सारी तबकडी एकच दिवाणखाना करून ठेवली होती. महिनाअखेरीस छपाईचा एक प्रोग्राम बिघडला आणि रात्रभर आपल्या तक्रारी नोंदवहीत लिहीत बसला. सकाळी तबकडी काठोकाठ भरलेली! पगाराच्या हिशेबाला एक ओळ लिहायला जागा नाही, आणि खिडकीशी रांग लागलेली. पगार संध्याकाळी झाले. त्याच आठवड्यात मी नोंदींच्या 'व्हार' विभागाला वेगळी खोली बांधून दिली. पुढल्या वेळी तो प्रोग्राम पुन्हा बरळला तेव्हा भरली ती त्याचीच खोली, पगार वेळेवर.

भिंतींना खर्चही आहे. एक खोली तुडुंब आणि शेजारची रिकामी, असे होतेच. म्हणून उगाच दहा खोल्या करू नयेत. लिनक्समध्ये आता या भिंती मागेपुढे सरकवण्याची सोय झाली आहे.

स्वॅप मेमरीच्या दुप्पट हवा, हा नियम पुष्कळांना पाठ असतो. जुन्या बर्कले युनिक्समध्ये मेमरीतल्या प्रत्येक पानासाठी स्वॅपमध्ये जागा राखून ठेवावी लागे, तेव्हा मोठ्या स्वॅपला अर्थ होता. आज १६ गिगाबाइट मेमरीच्या यंत्रात ३२ गिगाबाइट अडकवणे मला उधळपट्टी वाटते. शिवाय मेमरीच अपुरी असेल, तर कितीही मोठा स्वॅप दिला तरी यंत्र नुसती ने-आण करीत बसते आणि काम कणभरही सरकत नाही.

हल्लीच्या एसएसडीत फिरणारी तबकडी नाही की सरकणारा हात नाही. त्यामुळे कडेला की मध्यावर हा वाद संपला. लिनक्सवर तर स्वॅपसाठी एक साधी फाइलही चालते. मात्र लॅपटॉपला दीर्घ झोपेत घालून बॅटरी अगदी शून्य खर्चात ठेवायची असेल, तर मेमरीतला चालता संसार त्या स्वॅपमध्ये मावला पाहिजे. तिथे काटकसर करू नये.