माळ्यावरून ओट्यावर

नौपाड्यातली किंवा डोंबिवली पूर्वेची चाळीस-पन्नास वर्षांची इमारत पुनर्विकासाला गेली, की सर्वांत आधी रिकामे होतात ते माळे. नव्या फ्लॅटमध्ये माळ्याला जागा नसते. मग दोन पिढ्यांनी ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत वर सरकवलेलं सगळं आठवडाभरात खाली येतं: पितळी सोऱ्या, पुरणयंत्र, लाकडी बादलीचा आईस्क्रीम पॉट आणि परदेशातल्या लेकीनं पाठवलेली, खोक्यातून कधी बाहेर न निघालेली यंत्रं. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीला यातलं काही नको असतं. भंगारवाला पितळ तेवढं वजनावर घेतो. त्यामुळे ठाणे-कल्याण पट्ट्यात अशा वस्तू शेजारीपाजारी फुकट किंवा किरकोळ किमतीत मिळतात आणि त्या घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्यांची कुंडी किंवा दिवा करण्यापेक्षा त्यांच्यात पुन्हा काही शिजलं, मळलं, गाळलं गेलेलं मला आवडतं.

त्यासाठी वस्तू कोणत्या पदार्थासाठी बनली ते बाजूला ठेवून ती नेमकं करते काय, ते पाहावं. पुरणयंत्र शिजलेला गर जाळीतून दाबून काढतं. मग ते फक्त होळीलाच का बाहेर काढायचं? साराच्या टोमॅटोची सालं त्यात वर राहतात, कटलेटच्या बटाट्यात गुठळी उरत नाही, घारग्यांसाठी शिजवलेल्या भोपळ्याचे दोरे सुटतात. भिजवलेल्या चिंचेचा कोळही निघतो, पण यंत्र स्टीलचं असेल तरच. सोऱ्या चकलीपुरता नाही, हे मालवणी घरांना सांगायला नको. त्यातूनच तांदळाच्या उकडीचे शिरवाळे पडतात आणि नारळाच्या गोड रसात जातात.

परदेशी वस्तूंचं खरं नवल आहे. इटालियन पास्ता मशीन म्हणजे दोन रूळ आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करणारी एक कळ. घट्ट मळलेलं पीठ आधी मोठ्या अंतरातून, मग लहान होत जाणाऱ्या अंतरातून काढलं, की शंकरपाळ्यांची लाटी एकसारख्या जाडीची येते. करंजीची पारी आणि चिरोट्यांच्या पोळ्याही तशाच निघतात. फराळाच्या दिवसांत मनगटाचं केवढं काम वाचतं! मात्र हे यंत्र पाण्याखाली धरू नये. आत पाणी गेलं की दातेचक्रं गंजतात. वाळलेलं पीठ ब्रशनं झटकावं. सॅलड फिरवून निथळायची जाळीदार बादली आली असेल, तर धुतलेली कोथिंबीर तिच्यात फिरवून मग डब्यात भरावी, फ्रिजमध्ये जास्त दिवस टिकते.

विजेची वस्तू असेल तर आधी ती उलटी करून पाटी वाचा. अमेरिकेतून आलेल्या वस्तूवर 120 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. तापणारी तार तशीच लावली, तर ती ठरल्यापेक्षा जवळजवळ पावणेचार पट वीज ओढते आणि जळते. स्लो कुकर दोन-तीनशे वॉटचा असतो, त्याला लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. वॉफलचं यंत्र हजार वॉटच्या आसपास जातं, त्याच्या जोगा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून महाग पडेल. स्लो कुकरमध्ये पायाचा रस्सा किंवा छोले रात्रभरात सुरेख होतात. राजमा मात्र भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय त्यात घालू नये. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही.

पितळ आणि तांब्याच्या बाबतीत भावनेला थोडा आवर घालावा. आतली कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, आमटी, चिंच नको. कल्हईचं कथील सुमारे 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर राहिलं की ती निघते. जुन्या डागलेल्या जागी शिसं असू शकतं. अमेरिकेत किंग काउंटीच्या तपासण्यांत पितळी आणि ॲल्युमिनियमच्या काही भांड्यांतून शिसं उतरताना आढळलं आहे. शंका आली तर त्यात शिजवूच नये. जुन्या प्रेशर कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न विचारता बदलावेत. हॉकिन्सचा कारखाना ठाण्यातच आहे, त्यांचे सुटे भाग इथे सहज मिळतात. भांड्याचा काठ वाकला असेल तर मात्र तो कुकर सोडून द्यावा.

एखाद्या घरातून उंच नळकांड्यात एकावर एक डबे असलेला इक्मिक कुकर निघाला, तर तो भंगारात जाऊ देऊ नका. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी तो 1910 मध्ये तयार केला. खाली कोळसे, मध्ये पाणी, वर भात, डाळ, भाजी. तीच कल्पना पुढे डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेच्या सराई कुकरमध्ये आली. त्यात सुमारे शंभर ग्रॅम कांडी कोळशावर एका कुटुंबाचं जेवण वाफेवर होतं. फ्लॅटमध्ये कोळसा पेटवू नये, त्याच्या विषारी वायूला वास नसतो. इक्मिकचे डबे पाणी घातलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवून गॅसवर वाफवावेत. अळूवड्यांचे उंडे, ढोकळा आणि बटाटे एकाच आचेवर होतात.

आणि आईस्क्रीम पॉट. दिवाळीच्या सुमारास सीताफळं बाजारात असतात, तेव्हा त्याच्याइतकी दुसरी वस्तू मला हवीशी वाटत नाही. बर्फात जाडं मीठ मिसळलं की बर्फ वितळत राहतो, पण मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, पार उणे 21 अंशांपर्यंतही. त्या थंडीत दांडा सतत फिरत राहिल्यानं दुधात बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. तीन वाट्या ठेचलेल्या बर्फाला एक वाटी मीठ पुरतं. आटवलेलं दूध आधी पूर्ण गार करावं, सीताफळाचा गर शेवटी घालावा. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली बादली गळते, कारण फळ्या आकसलेल्या असतात. ती आदल्या रात्री पाण्यानं भरून ठेवावी. सकाळपर्यंत लाकूड फुगून बहुतेक फटी मिटतात. मीठ डब्यात उतरू नये म्हणून बादलीतल्या भोकातून खारं पाणी अधूनमधून वाहू द्यावं, आणि दांडा जड लागेपर्यंत हात थांबवू नये.