खराट्याच्या टोकाशी

माघ सरत आला की आमच्या अंगणातला बदाम लाल व्हायला लागतो आणि आठवड्याभरात फरशी दिसेनाशी होते. पानगळ म्हटली की आपल्या तोंडी उगाच शरद येतो. तो युरोप-अमेरिकेतला. आपल्या शरदात ऑक्टोबरचं ऊन पोळत असतं आणि झाडं हिरवीगार असतात. आपली पानगळ शिशिरातली, पुढच्या कोरड्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी झाडानं केलेली. टाकण्याआधी झाड पानातला नायट्रोजन जमेल तेवढा काढून घेतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, त्या पेशींना जोडणारा चिकटा विकरं विरघळवतात. मग एखादी झुळूक पुरते. फांदीवरच्या जखमेला बुचाचं झाकण बसतं.

वर इतकं नेटकं काम, आणि खाली आपण कमरेवर हात ठेवून उभे: खराटा पुरेल, दंताळं आणावं, की सोसायट्यांतून घोंघावणारा तो ब्लोअर?

खराट्यापासूनच सुरुवात करू, कारण तो स्वतःच पानगळीतून आला आहे. नारळ वर्षाला डझनभर झावळ्या टाकतो. एका झावळीला दोनशेच्या वर पाती, आणि प्रत्येक पात्याच्या मधोमध एक हीर. पातं सोलून टाकायचं, हीर ठेवायचा. समुद्रावरच्या वाऱ्यात पातं ताठ राहावं, पण मोडू नये, यासाठी झाडानं हा हीर घडवलेला. त्याच्या कडेकडेला कणखर तंतू दाटून भरलेले असतात. पाच-सहा मूठ हिरांची जुडी बांधली की खराटा तयार.

आता गंमत पाहा. हीर बुडाशी जाड, टोकाकडे निमुळता. गोल काडीची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो! म्हणून खराट्याचं टोक जमिनीवर मऊसूत वाकतं आणि मुठीजवळचा भाग हाताचा सगळा जोर खाली पोचवतो. शिवाय प्रत्येक हीर आपापला वाकतो. शेजारचा दगडावर चढलेला असला तरी हा बाजूच्या खाचेत उतरतो. खडबडीत अंगणात गुलमोहराची, चिंचेची बारीक पानं सापडतात ती यामुळेच. फरशीवर मात्र ही भुकटी केरसुणीनंच नीट निघते.

खराटा झिजून आखूड झाला की त्याचा स्वभावही पालटतो. काडीची लांबी निम्मी झाली की ती वाकवायला आठपट जोर लागतो. तेव्हा नवा लांब खराटा पानांसाठी, आणि तोच म्हातारा झाला की शेवाळ खरवडायला, मोरी घासायला. हे गणित कुणी न शिकवता घरोघरच्या बायांनी ओळखलं होतं. हीर वर सरकले की बुडाकडून जमिनीवर दोन ठोके द्यायचे, हेही त्यांचंच. गाडगेबाबा गावात शिरले की दिवसा खराटा चालवत आणि रात्री कीर्तन करत. मला यातला क्रम फार आवडतो.

हिरवळीवर मात्र खराटा हार खातो, गवतात अडकतो. तिथं पंख्यासारखं पसरलेलं, टोकं वाकवलेलं दंताळं हवं. त्याचे दात गवतामधून निसटतात आणि साग-बदामाची रुंद पानं मात्र अडवतात. बारीक पानं सुटतात, ती सुटू द्यावीत, गवताखालीच कुजतात. जपानमध्ये बांबूच्या अशा दंताळ्याला ‘कुमादे’ म्हणतात, म्हणजे अस्वलाचा पंजा. नोव्हेंबरातल्या तोरी-नो-इची या जत्रेत सजवलेले कुमादे विकत घेतात. वर्षभराची बरकत ओढून आणायला!

ब्लोअरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण त्यातलं विज्ञान झकास आहे. मेणबत्ती फुंकून विझते. आता तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून विझवून दाखवा. जमणार नाही. फुंकलेली हवा झोत बनून एका दिशेनं दूर जाते, ओढलेली हवा मात्र नळीच्या तोंडाशी चहूबाजूंनी येते. म्हणून पानं ढकलणारं यंत्र लांबून चालतं आणि ओढणारं पानाला जवळजवळ टेकवावं लागतं. साध्या ब्लोअरच्या तोंडाशीही वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो, तरी ओल्या फरशीवरचं सपाट पान हलत नाही. जमिनीलगतची हवा नेहमी मंदावलेली असते आणि पान त्या संथ थरात निजलेलं, वर पाण्यानं चिकटवलेलं. वाळून वळलेलं पान मात्र कडा उचलून वाऱ्यातच उभं असतं, ते लगेच पळतं. तेव्हा यंत्र असो वा खराटा, दव सुकल्यावर निघा. ही सल्ल्याची गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यात उपयोगी.

पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनात बरंच इंधन न जळताच बाहेर पडतं. कॅलिफोर्नियानं 2024 पासून असे नवे ब्लोअर विकायला बंदी केली. आपल्याकडे उलट, झाडून झालं की काडी लावायची खोड. राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजारांचा दंड ठरवला, तरी फाल्गुनात संध्याकाळी धूर दिसतोच.

आमची पानं कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातात. सुक्या पानांत कार्बन फार, म्हणून भाजीची देठं आणि सालं मधेमधे टाकतो. एका वर्षी झिजलेला खराटाही त्यातच टाकला होता. पुढच्या पावसाळ्यानंतर खड्डा उकरला तेव्हा पानांची काळी भुसभुशीत माती झालेली, जुडीचा दोर कुजून गेलेला, आणि हीर तसेच, एकेक सुटा, बोटानं वाकवला की सरळ होणारा.