जिथे सायकलच खांद्यावर बसते

धान कापून झालं, मळणी आटोपली, की सडक अर्जुनीच्या आसपासची शिवारं बघता बघता मोकळी होतात. महिन्याभरापूर्वी ज्या बांधीत पाय टाकायला जागा नव्हती, तिथे आता नुसती धसकटं, कोपऱ्यात तणसाचा ढीग आणि मधूनच लाखोळीचा हिरवा पट्टा. अशाच एका डिसेंबरच्या शनिवारी दुपारी आम्ही सात मित्र फक्कीची पिशवी घेऊन एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होतो. नागपूरहून भंडारा, साकोली मागे टाकत आलो होतो. सायकली गाडीच्या टपावर, तंबू डिकीत. आमच्यातल्या एकाचं घर इथलंच. लाखोळी न पेरलेल्या चार बांध्या त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकाजींनी, दोन दिवसांसाठी देऊन टाकल्या होत्या. एकच अट होती, धुरा फुटता कामा नये.

कबड्डीचं मैदान आखतात तशी आम्ही फक्की टाकत गेलो. रेघ धुऱ्यावर चढली, पलीकडे उतरली, तणसाच्या ढिगाला वळसा घालून बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाळीखालच्या बांधीत शिरली. ही बांधी भर हिवाळ्यातही ओलीच असते, बोडीचं पाणी पाझरतं ना! तिथे घोटाभर चिखल. मार्ग पक्का झाल्यावर काकाजींनी तो डोळ्यांनीच एकदा फिरून घेतला आणि विचारलं, "इथून सायकल चालणार नाय. मग?"

मग उतरायचं. सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. याच खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात.

जगात शर्यती पुष्कळ आहेत, पण वाहनावरून उतरून तेच वाहन उचलून पळणं हा ज्या शर्यतीचा रीतसर भाग आहे, अशी दुसरी चटकन आठवते का बघा. अट्टल स्पर्धकांच्या मार्गावर मुद्दाम लाकडी फळ्या आडव्या रोवतात, जास्तीत जास्त 40 सेंटीमीटर उंचीच्या. धुऱ्याचीच उंची म्हणा ना. खेळाची सुरुवात फ्रान्समधली. तिथले सायकलपटू हिवाळ्यात अंग आखडू नये म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला शर्यत लावत आणि रस्ता सोडून सरळ रिकाम्या शेतांतून, कुंपणं ओलांडत जात. दुरून दिसणारा चर्चचा मनोरा हीच खूण. 1902 मध्ये दानिएल गुसो नावाच्या सैनिकाने या दंग्याला राष्ट्रीय स्पर्धेचं रूप दिलं. ऑक्ताव लापीझ 1910 ची तूर द फ्रान्स जिंकला, तेव्हा हिवाळ्यातल्या या चिखलतुडवीलाही त्याचं श्रेय गेलं आणि खेळाचा बोलबाला झाला. पहिली जागतिक स्पर्धा 1950 ची, पॅरिसमध्ये.

म्हणजे हा खेळ जन्मला तोच पीक निघून गेलेल्या शेतात! बेल्जियममध्ये तर आजही कुठल्याशा गावाच्या शिवारात मार्ग आखतात, तंबू ठोकतात, तळलेल्या बटाट्यांच्या गाड्या लागतात आणि हजारो माणसं थंडीत, चिखलात उभी राहून ओरडतात. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. धान निघालं की आपल्याकडे शंकरपट भरतो, घरोघरी पाहुणे उतरतात, दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री मंडपात नाटक. शेत रिकामं झालं की त्यात शर्यत लावावी, हे बेल्जियमच्या आणि गोंदियाच्या शेतकऱ्याला एकमेकांना न विचारताच सुचलं. मला तर याचंच फार अप्रूप वाटतं.

आता त्या चिखलाकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे.

चिखल घसरतो, हे कुणीही सांगेल. पण का घसरतो? चिकणमातीचा एकेक कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे कितीतरी मावतील. आणि तो गोल नसतो, चपटा असतो, पत्त्यासारखा. पत्त्यांचा कॅट कोरडा असला तर एकावर एक बसून राहतो. पत्त्यांच्या मधे पाण्याचा पापुद्रा गेला की एका बोटाने सगळा कॅट पसरतो. चिखल म्हणजे असे अब्जावधी ओले कॅट!

पण धानाच्या बांधीतल्या चिखलाला एक गुपित आहे. त्याला तळ असतो. रोवणीआधी दर पावसाळ्यात चिखलणी होते. बैलांचे खूर, नांगर आणि आता ट्रॅक्टर वरची माती पार कालवून टाकतात, त्याच वेळी खालची माती दाबली जाते. वर्षानुवर्षं हेच होत गेलं की वीतभर खाली एक कडक थर तयार होतो. पाणी त्याच्यावर साचतं, मुरून जात नाही, म्हणून धान उभं राहतं. रोवणी करणाऱ्या बाईचा पाय नेमका तेवढाच खोल जातो आणि थांबतो. शेकडो वर्षांच्या चिखलणीने एक अदृश्य फरशी घातलेली आहे आणि तिच्यावर अख्ख्या जिल्ह्याचा भात उभा आहे.

सायक्लोक्रॉसचं चाक हीच फरशी शोधतं. चिखलासाठी टायर रुंद असेल असं वाटतं की नाही? मलाही वाटायचं. पण जागतिक स्पर्धांच्या नियमात टायरची रुंदी 33 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. काकाजींची पडवीतली काळी, कॅरिअरवाली सायकल आहे ना, तिचं टायर याहून रुंद! अरुंद चाक सुरीसारखं मऊ थर कापत खाली जातं आणि कडक जमिनीला भिडलं की पकड घेतं. शिवाय टायर आणि फ्रेम यांच्या मधे मोकळी जागा उरते, नाहीतर चिखल तिथे गच्च बसून चाकच बांधून टाकतो.

आणि पकड घेतं म्हणजे किती जागेवर? हिशोब करून बघू. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरा. टायरमध्ये 25 पौंड हवा आहे, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण पावणेदोन किलोचा दाब. हवेने 80 किलो तोलायचे तर तिला अंदाजे 46 चौरस सेंटीमीटर जागा हवी, दर चाकाला 23. काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठी! रस्त्यावर चालवतो तशी 60 पौंड हवा भरली तर ही जागा दहा चौरस सेंटीमीटरच्याही आत येते, म्हणजे काडेपेटीहूनही लहान. म्हणून चिखलात जाणारा माणूस हवा सोडतो. एकेक पौंडासाठी हे लोक खल करतात. अंगठ्याने टायर दाबून, कान टवकारून, वॉल्व्हमधून जराशी फुस्स करून पुन्हा अंगठा. आंबा पिकला का बघावा तसं.

तरीही एक जागा अशी येते जिथे चाक हरतं. आमच्या ओल्या बांधीत वीस पावलांनंतर सगळ्यांची हीच गत झाली. पायडल मारतोय, दम लागतोय, सायकल जागच्या जागी. आणि तेवढ्यात खांद्यावर सायकल घेतलेला मित्र शेजारून धपाधप पळत पुढे! हे कसं? चाक चिखलात रुतलं की पुढे मातीची छोटीशी चढण तयार होते. चाक ती चढतं, पण चढता चढता पुन्हा रुततं आणि पुढे नवी चढण. सपाट बांधीत ते अखंड घाट चढत असतं. पायाचं तसं नाही. पाय एक खड्डा करतो आणि उचलून पुढच्या ठिकाणी पडतो, मधली सगळी माती त्याला तुडवावी लागत नाही. चाकाचा शोध लागून हजारो वर्षं झाली, तरी गाऱ्यात अजून पायच राजा आहे.

खांद्यावर घ्यायचं तंत्र आम्हाला काही जमेना. कुणी सायकल डोक्यावर धरली, कुणी काखेत. धुऱ्यावर बसलेले काकाजी उठले, एक सायकल हातात घेतली, खालच्या तिरक्या नळीला धरून वर झोकली आणि फ्रेमच्या तिकोनात उजवा खांदा घालून मोकळे झाले. डाव्या हाताची बोटं धोतराच्या सोग्यावर. "धान पडलेला असला की असाच धुरा ओलांडतो ना बाबू," ते म्हणाले. सायक्लोक्रॉसच्या सायकलींत वरच्या नळीची खालची बाजू खांद्याला रुतू नये म्हणून बऱ्याचदा मुद्दाम चपटी करतात आणि ब्रेकच्या तारा वरून नेतात. शंभरेक वर्षांच्या अनुभवातून आलेली ती सुधारणा काकाजींच्या खांद्यावर नेमकी जाऊन बसली होती.

तो तिकोन तरी काय चीज आहे! चार काठ्या टोकांना बांधून चौकोन करा, एका कोपऱ्यात ढकला, तो लगेच कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र काठी मोडल्याशिवाय किंवा गाठ सुटल्याशिवाय आकार बदलत नाही. म्हणूनच पोकळ नळ्यांची सात-आठ किलोंची वस्तू तिच्या दसपट वजनाचा माणूस घेऊन धुऱ्यावरून उडी मारते.

शर्यत चाळीस मिनिटांची ठरली होती. फेऱ्या किती, ते सुरू करताना कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघून पुढच्या ठरवायच्या आणि शेवटच्या फेरीला घंटा द्यायची. आमची घंटा बैलाच्या गळ्यातली होती. मार्ग इतका लहान की मागे पडलेल्यालाही पुढचे सतत शेजारून जाताना दिसतात, आणि बघणाऱ्यांना पहिला कोण, शेवटचा कोण तेच कळत नाही. गावातली पोरं प्रत्येकासाठीच ओरडत होती. मी सहावा आलो आणि पहिल्यासारखा आरडाओरडा माझ्याही वाट्याला आला.

शर्यत संपल्यावर त्याच पोरांनी नवा खेळ काढला. कोरड्या बांधीत रिकामी सायकल जोरात ढकलायची आणि सोडून द्यायची. ती पडत नाही! डावीकडे कलते, हँडल आपोआप डावीकडे वळतं, सायकल सावरते, मग उजवीकडे. दारू प्यायलेल्या माणसासारखी, पण तोल सांभाळत, बरीच लांब जाते. वेग मंदावला की मगच आडवी. चालवणारा नाही, तर सावरतं कोण?

फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुण, असं पुस्तकं सांगत आली. 1970 मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा चंग बांधला. पुढच्या चाकाला उलटं फिरणारं दुसरं चाक जोडून त्याने भोवऱ्याचा परिणाम रद्द केला. ती तरीही चालवता आली! मग म्हणावं तर पुढच्या चाकाची बैठक, म्हणजे ते हँडलच्या अक्षाच्या थोडं मागे जमिनीला टेकतं, ती कारण असेल. 2011 मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्ही गुण काढून टाकलेली एक चिमुकली सायकल तयार केली, आणि ती सुद्धा स्वतःला सावरत गेली. वजनाची मांडणीही यात हातभार लावते. एक अमुक कारण, असं बोट ठेवता येत नाही. शाळकरी पोर कैची मारत शिकतं ते यंत्र, आणि त्याचा तोल समजून घ्यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं!

रात्री तंबू अंगणातच ठोकले. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव, मधल्या पट्ट्यातून जनावरांची ये-जा; रानात मुक्काम करायचा विषयच नव्हता. तणस अंथरून त्यावर सतरंजी, शेकोटी, लाखोळीच्या डाळीची भाजी आणि भात. गोंदियाची थंडी विदर्भात नावाजलेली. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, तिला अडवायला ढगांची गोधडी नसते. पहाटे तंबूच्या आतून थेंब टपकत होते.

आणि सकाळी आरडाओरड. सगळ्यांच्या टायरची हवा कमी! एकाला बाभळीचा काटा आठवला, दुसऱ्याला रात्रीची पोरं. पण सातही सायकलींच्या चौदाही टायरना काटा कसा लागेल? हवा मोजायचं यंत्र लावलं, संध्याकाळी 25 भरली होती, आता साडेबावीस. सगळीकडे तेवढीच.

चोर होती थंडी. हवेचे कण म्हणजे टायरच्या आतल्या भिंतीवर सतत आपटणारी पोरं. गारठा पडला की तीही सुस्तावतात, आपटणं कमी होतं, दाब उतरतो. काल भरताना 27 अंश होते, पहाटे 9. हिशोब मांडला तर उत्तर 22.6 येतं. एक कणही बाहेर गेला नव्हता. आपण वर्गात सूत्र म्हणून घोकलेला नियम रात्रभर अंगणात उभा राहून अडीच पौंड काढून घेतो, आणि कुठे भोक सुद्धा पडत नाही!

सहा जणांनी पंप मारला. सातव्याला हा हिशोब पटला तर होता, पण डोळ्यांनी बघायचा होता. त्याने सायकल तशीच पाळीवर उन्हात टेकवून ठेवली, दुसऱ्याची घेऊन रविवारची शर्यत केली, दवाने निसरड्या झालेल्या धुऱ्यावरून तीनदा घसरला. बाराच्या सुमारास तंबू गुंडाळून झाले, काकूंनी हाक मारली. तो मात्र आधी पाळीकडे गेला आणि वॉल्व्हवर यंत्र दाबून धरलं. आम्ही सगळे, पोरं, काकाजी, भोवती वाकून उभे. काळं रबर हाताला चांगलंच तापलेलं लागत होतं. काटा चढत गेला आणि पंचविसाच्या किंचित पुढे जाऊन थांबला.